मागच्या काचेचा वायपर



या वेळी भाजणी नाही, पूजेची तयारी नाही. या वेळचा लेख आमच्या गाडीच्या डिकीत घडला.

आमची छोटी गाडी 2009 सालची. गेल्या वर्षी पंधरा वर्षं झाली म्हणून पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून घेतली. ते कागद मीच केले, बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग. गाडीही आता मीच चालवते. ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच दिवशी ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

जुलैतली गोष्ट. चातुर्मासात मुनिमहाराज एका जागी राहतात, पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. आणि आम्ही श्राविका त्यांच्या दर्शनाला चार चाकं फिरवत धावतो! तर मंदिरात जायला गाडी मागे घेत होते. पाऊस होता, मागच्या काचेवर चिखलाचा पडदा. वायपर लावला तर खुळखुळ आवाज करत अर्ध्यातच थांबला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी ओरडल्या. मी ब्रेक दाबला. त्यांचा नातू तीनचाकीवर बसून माझ्या चाकापासून हातभर अंतरावर होता.

काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी ताट वाढलं आणि मला घास गिळवेना.

मुलाचा रात्री पुण्याहून फोन. "आई, पुरे आता. गाडी विकून टाकू. तुम्हाला कुठे जायचं तेव्हा मी इथून टॅक्सी बुक करीन." तो काळजीनेच बोलला. पण मला ऐकू आलं ते असं, की बाबांचं झालं, आता आईचंही झालं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. चूक वायपरची की माझी?

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. त्या माणसाने वायपर हाताने हलवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, मोटर गेली. नवी टाकू, मजुरी धरून 4,500." आत उघडून पाहिलंच नाही. मी म्हटलं, मोटर गेली असती तर वायपर हललाच नसता ना? तो हसला. मी गाडी परत आणली.

आता मागच्या काचेला वायपर का लागतो तेही ऐका. डिकीवाल्या छोट्या गाड्यांची पाठ सरळ तुटलेली असते. चालताना त्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल तो ओढून काचेवर आणून टाकतो. लांब शेपटीच्या गाड्यांत हा त्रास कमी, म्हणून त्यांना बहुधा मागे वायपर नसतो.

डिकीच्या दाराला आतून प्लॅस्टिकचं झाकण असतं. चपट्या पेचकसाला फडकं गुंडाळून क्लिपा एकेक करून उचकटल्या. एक तुटली. झाकण निघालं आणि आत मुंग्या! बारीक काळ्या, शेकडो, पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा. समोरच्या दुकानातला मुलगा फवारा घेऊन आला. मी म्हटलं, "बाळा, ठेव तो. त्यांचं घर आपण उघडलंय." झाकण अलगद कट्ट्यावर सावलीत टेकवलं, डिकी पोर्चमध्ये उघडी ठेवली, कोपऱ्यात कापूर ठेवला. उजेड लागला की मुंग्या आपणहून बिऱ्हाड हलवतात. दीड दिवस लागला. हे म्हणाले, "गाडी दुरुस्त होतेय की वसतिगृह चाललंय?"

त्या दीड दिवसात माझी एक मोठी चूक झाली. डिकी उघडी म्हणजे तिचा दिवाही चालू. रात्रभर तो जळत राहिला आणि सकाळी बॅटरी ठार. शेजारच्यांच्या गाडीची वायर जोडून सुरू करावी लागली. म्हणून सांगते, कामाला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

मुंग्या गेल्यावर पाहिलं. मोटर म्हणजे तळहाताएवढा डबा. तीन बोल्टांनी दाराच्या पत्र्याला धरलेला, तिन्ही बोल्टांखाली जाड रबर. सोळा वर्षांच्या उन्हाने रबर वाटीतल्या जुन्या लाखेसारखं कडक होऊन तडकलं होतं. एक बोल्ट जागेवर नव्हताच, दुसरा बोटाने फिरत होता. म्हणजे मोटर चांगली होती, पण तिला बूडच नव्हतं. वायपरऐवजी ती स्वतःच डोलत होती.

बाहेरून वायपरची टोपी काढून नट सोडला. त्याआधी काचेवर वायपर जिथे विसावतो तिथे चिकटपट्टी लावून खूण केली. कपलर सुटत नव्हता, त्याची जीभ दाबून ओढावा लागतो. जुनी रबरं हातात घेऊन स्टेशन रोडच्या बाजूच्या पार्टच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं. मग रबरं दिली.

घरी येऊन बसवली, दहाच्या पान्याने जोर लावून आवळली, आणि मोटर तिरकी झाली. रबर चेपून बाहेर आलं. मी वैतागून पाना खाली टाकला. तोपर्यंत हे खुर्चीवर बसून टॉर्च धरत होते. उठले, हात आत घातला, डोळे मिटले. बोटांनी चाचपून म्हणाले, "इथे नळी नाही."

रबराच्या मधोमध धातूची बोटाच्या पेराएवढी नळी असते. बोल्ट तिच्यावर टेकतो, म्हणून रबर चेपत नाही. दोन नळ्या जुन्या रबरात अडकलेल्या होत्या, त्या मी रबरासकट कचऱ्यात टाकायला निघाले होते! तिसरी आणि हरवलेला बोल्ट दाराच्या पोकळीत तळाशी पडले होते. इतके दिवस खुळखुळत होतं ते हेच. फ्रीजवरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून आत सोडला, तशी दोन्ही वर आली.

मग बोल्ट ह्यांनी बसवले. मी नाही. "आधी तिन्ही हाताने लाव, मग पाना. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, थोडं थोडं तिन्ही." दोन वर्षांत गाडीबद्दल हे एवढं पहिल्यांदाच बोलत होते. मी टॉर्च धरला. ह्यांना टॉर्चची गरज नव्हती.

कपलर आणि बॅटरी जोडली, वायपर न लावता मोटर एकदा चालवून बंद केली, म्हणजे ती आपल्या घरी येऊन थांबते. मग चिकटपट्टीच्या खुणेवर वायपर बसवला. काचेवर तांब्याने पाणी ओतलं, कोरड्या काचेवर चालवू नये. सर्र करून गेला, सर्र करून आला. ह्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हं."

वहीतला हिशेब असा: रबरं 3, 90 रुपये. क्लिप 1, 15 रुपये. एकूण 105. बॅटरीचा मनस्ताप वेगळा.

रविवारी कुंभोजच्या बाहुबलीला गेलो, जयसिंगपूर, हातकणंगले करत. पावसात भिजलेली ती 28 फुटी मूर्ती लांबूनच पांढरी दिसते. हे समोर पाहत होते, तेवढं त्यांना दिसतं. येताना मागून ट्रक लागला तेव्हा मी वायपरचं बटण दाबलं आणि काच स्वच्छ झाली.

पण एक सांगायचं राहिलं. परतल्यावर गाडी फाटकातून आत घेताना मान वळवायला गेले, तर ती पूर्ण वळेना. बहुधा त्या दिवशीही वळली नसावी. वहिनींना हाक मारली. त्या बाहेर आल्या, नातवाला कडेवर घेतलं आणि हाताने खुणा करत राहिल्या, "या, या, अजून या." मुलाला मी फोनवर सांगितलं, अंधार पडल्यावर चालवणार नाही आणि मागे माणूस उभा असल्याशिवाय रिव्हर्स घेणार नाही. गाडीचं पुढच्या दिवाळीला बघू. तो म्हणाला, "आणि वायपर?"

म्हटलं, बाबांना विचार. फोन त्यांच्याकडे दिला आणि मी स्वयंपाकघरात गेले. अर्धा तास चालला होता तो फोन.