मुस्तफाचा डाव

गेल्या वर्षी दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर मला एक जुना खोका दिसला. हिंगोलीच्या दसऱ्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि पंचक्रोशीतल्या माणसांना रावणदहनाइतकीच तिथल्या प्रदर्शनाचीही ओढ असते. आकाशपाळण्यांच्या पलीकडे, भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांमागे, एका ताडपत्रीखाली पुरुषभर उंचीचे ते यंत्र उभे होते. प्लायवूडचा सांगाडा, कोपऱ्यांवरची सनमायका उडालेली, आत फुगीर काचेचा पडदा, पुढे दोन हँडल आणि काही बटणे. पुण्याहून सणाला आलेला माझा धाकटा भाऊ बरोबर होता. तो थबकला आणि म्हणाला, "दादा, मुस्तफा!"

जगाच्या नोंदीत या खेळाचे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असे आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्याला आधार मार्क शुल्झ या अमेरिकी चित्रकाराच्या चित्रकथांचा. सव्विसाव्या शतकात पृथ्वीवर पुन्हा डायनोसॉर वावरू लागले आहेत आणि चौघे जण त्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांशी लढत आहेत, असे कथानक. त्या चौघांची नावे जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आमच्याकडच्या, किंबहुना देशभरातल्या, पोरांनी त्यातले एक नाव उचलले आणि अख्ख्या खेळाला दिले. पडद्यावरचे इंग्रजी शीर्षक वाचण्याच्या फंदात कोणी पडले नाही. हिंगोलीच्या गल्लीत जॅक किंवा मेस नावाचा कोणी राहत नव्हता. मुस्तफा मात्र दोन घरे सोडून राहत होता. शिवाय तो चौघांत चपळ, पळत येऊन लाथ मारणारा. मूळ अरबीत ‘मुस्तफा’चा अर्थ ‘निवडलेला’ असा होतो, हे पोरांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्याला निवडले एवढे खरे.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे सारे तेव्हाच दिसायला हवे होते. मला दिसले नाही.

ते १९९६ साल होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा व्हायला अजून तीन वर्षे होती. मी कयाधू नदीच्या परिसरातील बोलीवर प्रबंध लिहीत होतो. कळमनुरी, सेनगावकडच्या गावांत सायकलीने आणि एसटीने हिंडून वृद्धांकडून तिफण, चाडे, शिवळ असे शेतीचे शब्द टिपून घ्यायचे आणि रात्री ते कार्डांवर उतरवायचे, असा दिनक्रम होता. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी ठिकठिकाणच्या लोकांकडून बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट त्यांच्या बोलीत सांगून घेतली होती. त्याचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. तुलनेसाठी मीही तीच गोष्ट सांगायला लावी. धाकटा पैसे उडवून परत येतो, बाप त्याला पोटाशी धरतो आणि थोरला रागाने घराबाहेर उभा राहतो. ती मी किती तोंडून ऐकली असेल, याची गणती नाही.

आणि माझ्या खोलीपासून पन्नास पावलांवर, एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या गाळ्यात, व्हिडिओ गेमचे पार्लर होते. त्यात तीन खोके होते. त्यांचे खेळ मधूनमधून बदलत, पण खोके तेच राहत. असे का, हे मला फार उशिरा कळले. जपानमधल्या यंत्रनिर्मात्यांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ साली बोर्डाच्या जोडणीचे एक प्रमाण ठरवले आणि त्यामुळे पडदा, हँडल, बटणे तशीच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलता येऊ लागला. काल ‘स्ट्रीट फायटर’ होता, तो आज मुस्तफा होई. देह तोच, आत्मा दुसरा. आपल्या कीर्तनकारांना हा दृष्टान्त मिळाला असता तर त्यांनी सोडला नसता.

त्या गाळ्यातून चाललेली बोली मी रोज जाता-येता ऐकत होतो. पडद्यावरच्या वीराला पोरे ‘गडी’ म्हणत. हा शब्द सरळ कबड्डीतून आलेला. रुपया टाकून मिळणारी संधी म्हणजे ‘डाव’, हा विटीदांडूतला. गाडी चालवायची पातळी ती ‘गाडीवाला स्टेज’. ‘स्ट्रीट फायटर’मधला योद्धा हातांतून निळा गोळा सोडताना ‘हादोकेन’ असे ओरडतो. जपानीत त्याचा अर्थ साधारणपणे लाटेची मूठ असा. आमच्या पोरांनी त्यातला हकार गाळून ‘आडुकेन’ केले आणि भांडणात एकमेकांवर हात उगारताना ते वापरू लागली. सर्वांत नवलाचा शब्द ‘लाईफ’. एरवी मराठी माणूस ‘माझं लाईफ’ असे नपुंसकलिंगी म्हणतो, बहुधा आयुष्य आणि जीवन या शब्दांच्या ओढीने. पार्लरमध्ये मात्र लाईफ स्त्रीलिंगी होती आणि मोजता येत होती. एक लाईफ गेली, दोन लाईफ राहिल्या. एकाच परक्या शब्दाचे मराठीत दोन शब्द झाले होते, लिंगासकट. तुमच्या अभ्यासक्रमातील भाषासंपर्काच्या घटकाला याहून चांगले उदाहरण मी देऊ शकत नाही; आणि माझ्या कार्डांच्या पेटीत त्याचे एकही कार्ड नाही. मी त्या बोलण्याला बिघडलेली भाषा समजत होतो.

भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. दुधाच्या पैशांतले दोन-तीन रुपये कमी येऊ लागले, तेव्हा आईने विषय घरातच दाबला. मी दाबला नाही. एका संध्याकाळी मी त्याला गाळ्यात पाहिले आणि घरी येऊन नानांना सांगितले. नाना शिक्षक होते. छडी हाताशीच असे. ते स्वतः गेले, त्याला भर खेळातून कॉलर धरून आणले आणि अंगणात मारले. मी दारात उभा होतो. रात्री अंथरुणात तो एवढेच म्हणाला, "दादा, एकच लाईफ राहिली होती. ती तरी संपू द्यायची." मी कूस बदलली. दुसऱ्या दिवशी मला सेनगावची पहिली गाडी धरायची होती.

दहावीनंतर तो शिकला नाही; पुण्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. त्या माराने तसे झाले असे म्हणणे हे सोपे कथानक होईल. पण त्यानंतर घरात तो आपणहून फारसा बोलला नाही, हे खरे आहे, आणि मी बोली गोळा करणारा माणूस होतो.

तुमच्यापैकी जे आज चाळिशीत आहेत, त्यांच्यातल्या काहींनी असे गाळे आतून पाहिले असतील. पुढे खेळ घरच्या टीव्हीवर, संगणकावर आणि मग मोबाईलवर आले आणि गाळे मिटले. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड गावात अशा शेकडो जुन्या यंत्रांचे एक मोठे दालन आहे. दाराशी एकदाच पैसे द्यायचे आणि दिवसभर खेळायचे. आपल्याकडचे खोके बहुतेक भंगारात गेले. एखादा असा जत्रेत निघतो.

ताडपत्रीखालच्या माणसाने दहा रुपयांना एक डाव सांगितला. भावाने दोन नाणी टाकली. त्याने अर्थातच मुस्तफा घेतला. मी जॅक घेतला, कारण त्याच्यावरच खूण आली होती आणि ती कशी हलवायची हे मला माहीत नव्हते. त्याची बोटे बटणांवर अशी चालत होती, जणू मधली वर्षे गेलीच नाहीत. पिंप फोडले की खायला निघते, ते तो माझ्यासाठी ठेवत होता. "खा, दादा, खाऊन घे," असे दोनदा म्हणाला. तरीही माझे गडी एकामागून एक पडले आणि माझ्या बाजूला पुढे खेळणार का असे विचारणारे आकडे उलटे सुरू झाले.

"त्या दिवशी नानांना मी सांगितलं होतं," मी म्हणालो. गोंगाट पुष्कळ होता. त्याला ऐकू गेले नसावे असे वाटले.

"ठाऊक आहे," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "नानांनी तेव्हाच सांगितलं होतं मला."

आकडा चारवर आला होता. त्याने एका हाताने मुस्तफाला पळवत दुसऱ्या हाताने खिसा चाचपला, नाणे काढून खाचेत टाकले आणि माझे बटण स्वतःच दाबले.

"हँडल धर," तो म्हणाला. "मागून येतायत."