नक्कल की शिकणं?

मुलांनो, पीट मोंद्रियान या डच चित्रकाराची चित्रं मला फार आवडतात. पांढऱ्यावर काळ्या सरळ रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन, बस्स! तो १९४४ साली वारला. १९६५ च्या हिवाळी कपड्यांसाठी पॅरिसच्या ईव्ह सँ लोराँने त्या चित्रांवरून झगे बेतले.

माझी भाची म्हणते, "मावशी, ही तर कॉपी!"

मला तसं वाटत नाही. चित्र सपाट, पण अंगाला गोलाई! म्हणून त्याने लोकरी जर्सीचे रंगीत तुकडे जोडले आणि शिवणी रेघांत लपवल्या. ते झगे आजही 'मोंद्रियान झगे' म्हणूनच ओळखले जातात. तुम्हीही आवडेल त्याच्याकडून खुशाल शिका. फक्त त्याचं नाव सांगा, आणि आपली एक तरी शिवण घाला!