मागे गेलेली तारीख

महिन्याची २० तारीख. जीएसटीआर-३बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस, आणि भुसार मालाच्या पेढीवरील संगणक नीट सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटत. एफ-१ कळ दाबल्यावर विंडोज उघडे, परंतु तारीख कित्येक वर्षे मागची दिसे आणि जीएसटीचे संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगून ब्राउझर अडून बसे.

धाकट्या शेठजींनी सरळ फॉरमॅट मारण्याचे ठरवले. मुनीमजींनी त्यांचा हात अक्षरशः धरला. दिवाळीनंतर बॅकअप घेतलेला नव्हता. चार महिन्यांची उधारी त्याच यंत्रात होती. "आधी खाती पेनड्राइव्हवर घ्या, मग काय ते करा." रोजमेळ जुळल्याशिवाय गादीवरून न उठणारी ही पिढी, संगणकाचे शिक्षण नसूनही तिचे पाऊल योग्य पडले.

दोष बिल्ल्याएवढा निघाला. वीज बंद असताना मदरबोर्डवरील घड्याळ सीआर-२०३२ या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. पेढीवर रोज रात्री मुख्य बटण बंद करण्याची शिस्त. त्यामुळे सारा भार तिच्यावरच. ती संपली आणि तारीख मागे गेली. त्या तारखेला संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र लागूच झालेले नव्हते. मग ब्राउझर ते मान्य कसे करणार?

विजेची वायर काढून, अधिक चिन्ह वर ठेवून, घड्याळवाल्याकडची नवी बॅटरी बसवली. बायोसमध्ये तारीख-वेळ भरली. विवरणपत्र रात्री साडेनऊला गेले. मुनीमजींनी बॅटरी बदलल्याची तारीख कॅबिनेटवर लिहिली आणि पेनड्राइव्ह तिजोरीत ठेवला.