पितळेतला श्वास

ट्रंपेटला चाव्या असतात अवघ्या तीन. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला सूर उमटतो; येथे मात्र बोटांची एकच ठेवण असताना अनेक सूर निघू शकतात. त्यांतला कोणता उमटावा, हे वाजविणाऱ्याच्या ओठांचा ताण आणि श्वासाचे बळ ठरविते. पितळ केवळ निमित्त असते. गातो तो माणसाचा श्वास.

‘नाचुंया कुंपासार’ या 2014 च्या कोंकणी चित्रपटातील गीते ऐकताना हे मला विशेषत्वाने जाणवते. बार्ड्रॉय बारेटो यांच्या या चित्रपटासाठी मडगावचे संगीतकार क्रिस पेरी यांची जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित झाली. पेरी स्वतः ट्रंपेट व सॅक्सोफोन वाजवीत. त्यांची गाणी लोर्ना यांनी अजरामर केली. पुढे त्या दीर्घकाळ मूक राहिल्या आणि 1995 मध्ये पुन्हा गाऊ लागल्या. मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या श्रोत्यास कोंकणीतले काही शब्द निसटून जातात, परंतु त्या वाद्यांचे बोलणे कळते. कारण पितळी वाद्यांचा आवाज आमच्या परिचयाचा आहे.

आमच्या लातूर-नांदेडकडे ही ओळख होते वरातीत. झालरीचा रंगीत गणवेश घातलेले बँडवाले ऐन वैशाखात कोरड्या ओठांनी कॉर्नेट फुंकीत चालतात. सर्वांचे पाय त्यांच्या तालावर थिरकतात. मात्र पंगती उठेपर्यंत ते मांडवाबाहेर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले असतात. ज्याच्या श्वासावर सोहळा उभा राहिला, त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

चित्रपटसृष्टीतही फारसे वेगळे घडले नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले अनेक गोमंतकीय तरुण मुंबईस आले. त्यांनी वाद्यमेळ उभारले, संगीतकारांच्या चाली स्वरलिपीत उतरविल्या. तबकड्यांवर त्यांची नावे क्वचितच आली. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे याला काहीसा अपवाद. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या ‘अलबेला’ या 1951 च्या चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतात. आपल्या धर्मबंधूंचा हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. मग तीच वाद्ये आपल्या गावच्या गरीब कलावंताच्या हाती दिसली की आपली दृष्टी का बदलते?

या आवाजाचे मोल मला 1993 नंतर उमगले. गणेशविसर्जनाची वाद्ये शांत होऊन काही तास लोटले होते. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतरची लग्नसराई आमच्या गल्लीत मुकीच गेली. पुढे पहिल्यांदा एक वरात वाजतगाजत आली, तेव्हा माणसे दारादारांत येऊन उभी राहिली. कोणी नाचले नाही. परंतु कोणी घरातही परतले नाही. कॉर्नेटच्या त्या किंचित बेसूर स्वराने, आपला श्वास अजून चालू आहे, एवढी साक्ष आम्हांस दिली. तो आनंद नव्हता. आनंदाची अनुज्ञा होती.

‘हे वरातीचे वाद्य, ते उपासनेत कशास?’ असे आपल्यातील काही जण विचारतात. स्तोत्रसंहितेतील 150 व्या स्तोत्रात देवस्तुतीच्या वाद्यांमध्ये प्रथम नाद येतो तो रणशिंगाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला, परंतु अन्य वाद्यांना दार बंद केले नाही. ती पवित्र कार्यास अनुरूप असावीत किंवा होऊ शकावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावीत, भाविकांच्या श्रद्धेस पोषक ठरावीत आणि त्यांस अधिकाऱ्यांची संमती असावी, एवढीच अपेक्षा ठेवली. वाद्य कोणत्या जातीच्या वा वस्तीतल्या हाताने वाजते, हा निकष त्यात नाही.

म्हणून मनात येते, येत्या धर्मग्रामाच्या सणास गावातलाच बँड बोलवावा. धर्मगुरूंच्या अनुमतीने एखादे भक्तिगीत त्यांना आधी शिकवावे. मिस्सा संपल्यावर मिरवणूक निघावी आणि पंगत मांडताना पहिली पाने त्यांची असावीत. त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि आभारप्रदर्शनात देणगीदारांच्या आधी ती वाचावीत.