रोजमेळ जुळूनही

रोजमेळ बिनचूक जुळतो, तरी धाकट्या भावाने काही दडवले असावे हा संशय वर्षानुवर्षे जात नाही. सहज केलेला विनोदही टोमणा वाटतो. व्यापाऱ्याची सावधगिरी पुरावा मिळताच शमते. संशयप्रधान, म्हणजे पॅरानॉइड, व्यक्तिमत्त्वविकारात पुराव्याचाही संशय येतो. हा विकार बहुधा दीर्घकाळ टिकतो. तरीही काहीजण धंदा-संसार सांभाळतात. त्यावर खास औषध नाही. सोबतच्या चिंता-नैराश्यापुरती औषधे देतात. मुख्य उपचार संवादात्मक मानसोपचाराचा, आणि तज्ज्ञावर विश्वास बसेपर्यंत तो संथच चालतो. रुग्ण सहसा आपणहून जात नाही, म्हणून काही घरांत दुधातून गोळी दिली जाते! ते उघडकीस आले की संशयाला पहिला खरा पुरावा मिळतो. त्यापेक्षा ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर आधी कुटुंबीयांनीच विचारावे, सल्ला विनामूल्य असतो.