हरकत लिहिण्याआधी

मुलुंड (पूर्व)

चि. मनू हीस,


तुमच्या रहिवासी संघाने विकास आराखड्यावर हरकती घ्यायचं ठरवलं आणि मसुदा लिहायचं काम तुझ्या गळ्यात घातलं, हे ताईने फोनवर सांगितलं. तू पाठवलेला कच्चा मसुदाही वाचला. भाषा झणझणीत आहे. पण दोन पानांत एकही सर्व्हे नंबर नाही, रस्त्याची रुंदी नाही, नियमाचं कलम नाही. अशी पत्रं सरकारी टेबलावर कशी संपतात आणि कुठली टिकतात, हे सांगायला व्हॉट्सॲप पुरणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मुंबईचंच घे. महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केला. वर्तमानपत्रांत गाजला तो एफएसआयचा, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकाचा आकडा, काही स्थानकांच्या आसपास थेट आठपर्यंत. त्याच्या जोडीला आरे कॉलनी बांधकामाला खुली करण्याचा प्रस्ताव होता. अग्रलेख, चर्चासत्रं, मोर्चे या दोन गोष्टींवर झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण वॉर्डावॉर्डांत नकाशा उघडून बसलेल्या लोकांच्या डोळ्यांना वेगळंच काही दिसत होतं. कुठे उभ्या इमारतीतून रस्ता गेला होता, कुठे प्रार्थनास्थळाच्या जागी भलताच वापर दाखवला होता, वारसा यादीतल्या वास्तू नकाशातून गायब होत्या, गावठाणांच्या बोळांवर रुंद रस्त्यांच्या रेघा मारलेल्या होत्या. एखाद्या गल्लीत पन्नास वर्षं राहिलेल्या आजोबांना नगररचनेतलं ओ की ठो कळत नसेल, पण समोरची शाळा शाळाच आहे हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हरकतींचा आकडा पन्नास हजारांच्या पलीकडे गेला. मुदत संपायच्या आधीच, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा मसुदा बाजूला ठेवून तो नव्याने दुरुस्त करायला सांगितला.

एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा असा परत जातो तेव्हा त्यामागे राजकारण असतंच. तेही होतं, भरपूर होतं. पण सगळ्या पक्षांना एकाच वेळी आराखड्याविरुद्ध बोलणं सोपं का गेलं, हे बघ. आठ एफएसआय चांगला की वाईट यावर दोन मतं असू शकतात, तज्ज्ञांतही होती. उभ्या इमारतीतून रस्ता जातो, यावर दुसरं मत नसतं. तथ्यातल्या चुकांनी मसुद्याची पत गेली आणि मग धोरणाचा बचाव करायलाही कुणी पुढे येईना.

हे अचानक झालं नव्हतं. आराखडा काढण्याआधी जमिनीवर आज काय आहे ते दाखवणारा, म्हणजे विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. पालिकेने तो २०१२च्या अखेरीस लोकांपुढे ठेवला तेव्हाच नागरी संस्थांनी चुका दाखवायला सुरुवात केली होती. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने अभ्यासकांना आणि रहिवाशांना एकत्र बसवलं. वस्त्यांमधून काम करणाऱ्या संघटनांनी ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या नावाखाली प्रभागांत बैठका घेतल्या. म्हणून २०१५ साली वाचणारे डोळे तयार होते. पुढे निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्या देखरेखीखाली दुरुस्तीचं काम झालं, मे २०१६ मध्ये नवा मसुदा आला आणि २०१८ मध्ये शासनाने तो मंजूर केला, तोही काही भाग वगळून. वगळलेल्या भागांना ‘ईपी’ म्हणतात. त्यांच्यावर वेगळी नोटीस निघते आणि हरकतीही वेगळ्या मागवल्या जातात. दमलेले लोक नेमके इथे झोपतात. तुमच्या संघात ईपी वाचायला एक माणूस आजच नेमून ठेव.

नकाशा रंगीत असतो, म्हणून माणसं नकाशाच बघतात. नियमावली काळ्या अक्षरांत असते आणि तिच्यात खरा जीव असतो. गिरणगावात हेच झालं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. एकूण जमीन सहाशे एकरांच्या घरात. २००१ साली या नियमाचा मजकूर बदलला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. नकाशावर एक रेघही हलली नाही. शेडखालची जमीन मात्र हिशोबातून बाहेर गेली, आणि गिरणीत शेड सोडून उरतं किती, ते लालबाग-परळच्या कुठल्याही म्हाताऱ्या कामगाराला विचार. बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुप २००५ साली न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. तोवर बदलाला पाच वर्षं झाली होती, जमिनी विकल्या गेल्या होत्या. आता तिथे मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. हरकतीची मुदत ही किरकोळ सरकारी औपचारिकता वाटते ना, तिची किंमत एवढी असते.

आता तुमच्या पुण्याकडे वळतो. जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. पुणेकरांनी हरकत घेणं यात बातमी ती काय, असं तू म्हणशील! पण पुढचं बघ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ खाली एक नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. सात माणसं आणि ऐंशी हजार कागद. एकेका हरकतीला मिनिटं किती येणार याचा हिशोब तूच कर. समितीतच एकमत झालं नाही, महापालिकेत घोळ वाढला, शेवटी २०१५ मध्ये शासनाने आराखडा पालिकेच्या हातातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. झेरॉक्स काढून गावभर वाटलेल्या एकाच पत्राच्या हजार प्रती दिल्या की आकडा फुगतो, पेपरात मथळा येतो. पण सुनावणीत उत्तर एकाच मुद्द्याचं द्यावं लागतं आणि समितीला ते सोयीचंच असतं. मथळ्याची गरज कधी कधी असते, हे मी नाकारत नाही. फक्त मथळा म्हणजे हरकत नव्हे.

पुण्यातच याच्या उलट उदाहरण आहे. १९९७ साली हद्दीत आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं, सुमारे ९७८ हेक्टरांवर. ते टिकावं म्हणून ग्रीन पुणे मूव्हमेंट आणि इतर नागरी गटांनी सह्या गोळा केल्या, निवेदनं दिली, विधिमंडळापर्यंत विषय नेला. शासनाची मान्यता यायला २०१५ उजाडलं. दहा वर्षं एकच मुद्दा लावून धरणं हे मोर्च्यापेक्षा अवघड काम आहे. आणि आरक्षण पडलं म्हणजे टेकडी वाचली असंही नाही. भूसंपादनाचा मोबदला किती आणि तो कुणी द्यायचा, हे भिजत घोंगडं त्यानंतरही तसंच राहिलं. कलम १२७ लक्षात ठेव: आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही पालिका हलली नाही तर आरक्षण गळून पडतं. म्हणून बागेचं आरक्षण मागताना पैशांची तरतूद कुठल्या वर्षी, हेही विचारायचं असतं.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते गोव्याने. २००६ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ आला. डोंगरउतार, बागायती, शेतं यांवर वसाहतीचा रंग चढलेला बघून गावंच्या गावं खवळली. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंग राणे सरकारने तो आराखडा मागे घेतला. नुसता विरोध करून लोक थांबले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पुढच्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ साठी कृती दल नेमलं गेलं, त्यात चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद होते, आणि नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. ग्रामसभांनी समित्या बसवल्या. खाजन जमीन कुठवर, झर कुठून वाहते, देवराई कुठे, हे गावाने स्वतः नकाशावर भरायचं होतं. भारतात एवढ्या खालपर्यंत झोनिंगचा कागद क्वचितच गेला असेल. भांडणंही मनसोक्त झाली, कारण आपली जमीन वसाहतीत यावी असं वाटणारा माणूसही त्याच ग्रामसभेत बसलेला असतो. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि हा आराखडा स्थगित झाला.

यातली मेख पुढे आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, असं त्याचं प्रयोजन. मालकाने अर्ज करायचा, आपला भूखंड चुकून हिरवा दाखवला गेला असं म्हणायचं आणि झोन बदलून घ्यायचा. भूखंड-भूखंड करत शेतं आणि बागायती वसाहतीत जाऊ लागली, तेव्हा गोवा फाउंडेशनसारख्या संस्था न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. मुंबईत ज्या ‘चूक दुरुस्त करा’ या मागणीने नागरिक जिंकले, तीच मागणी गोव्यात जमिनीच्या व्यवहाराची किल्ली झाली. मी तुला तथ्याची हरकत घे म्हणतो आहे खरा. पण तुझ्या वॉर्डात आणखी कोण कोण ‘चूक दुरुस्ती’ मागतंय, ती यादीही मागून घे. शेजारच्याचा अर्ज वाचणं हा चोंबडेपणा नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये रहिवाशांनी नियोजनावर मत देण्याचं काम बारमाही चालतं. शहराची ५९ कम्युनिटी बोर्डं आहेत. प्रत्येकात पन्नासपर्यंत बिनपगारी सदस्य. झोन बदलण्याचा अर्ज आला की बोर्डाला साठ दिवसांत सुनावणी घेऊन मत द्यायचं असतं. ते मत बंधनकारक नाही. आणि तिथला मोठा आक्षेप असा की घरं असलेली माणसं बोर्डावर बसतात आणि नव्या घरांना नाही म्हणतात. आपल्याकडेही हे होतं, जरा सभ्य भाषेत. तुझ्या मसुद्यातल्या सातव्या मुद्द्याबद्दलच बोलतो आहे मी. ‘परिसराची शांतता भंग होईल’ म्हणून महापालिकेच्या दवाखान्याचं आरक्षण दुसरीकडे हलवा, असं तुम्ही लिहिलंय. दुसरीकडे म्हणजे कुठे? नाल्यापलीकडच्या वस्तीत? तिथल्या कुणाची सही तुमच्या पत्रावर आहे का?

मुंबईच्या २०१५च्या मसुद्यावरची रास्त टीका हीच होती की शहरातली प्रचंड लोकसंख्या ज्या झोपडपट्ट्यांत राहते त्या नकाशावर नुसत्या कुंपण घातल्यासारख्या कोऱ्या होत्या. कोळीवाड्यांचीही तीच तक्रार. सोसायट्यांचे संघ आपापल्या कंपाउंडपाशी थांबले तिथे हे कुणाला दिसलं नाही. ज्यांनी दोन्हीकडच्या माणसांना एका टेबलाशी बसवलं त्यांना दिसलं. महिला संघटनांनी तर नकाशात नसलेलीच गोष्ट मागितली, नोकरदार स्त्रियांसाठी निवास आणि मुलं, वृद्ध, बायका यांच्यासाठी आधार केंद्रं, आणि त्या तरतुदी २०३४च्या आराखड्यात आल्या. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वात मोलाची कमाई, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तेव्हा दवाखान्याचा मुद्दा काढून टाक. उरलेले सहा मुद्दे सहा वेगळ्या पत्रांत लिही. प्रत्येकात पत्रक क्रमांक, सर्व्हे नंबर, मसुद्यात काय आहे, जागेवर काय आहे, तुम्हाला काय हवं, एवढंच. जागेचे फोटो आणि मिळकत पत्रिकेची प्रत जोड. सुनावणीला स्वतः हजर राहण्याची मागणी प्रत्येक पत्राच्या शेवटी स्पष्ट लिही, नाहीतर बोलावणं येणार नाही. वाड्यातल्या जोशीकाकांसारखी जुनी जाणती माणसं सुनावणीला सोबत ने. भाषण करायला नको, विचारलं तर जागा दाखवायला. पत्रं शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस, तेव्हा खिडकीवर झुंबड असते. आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसकट पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. नाल्यापलीकडच्या लोकांना या रविवारच्या बैठकीला बोलाव आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
मामा