यूविना क्यू

इंग्रजी वर्णमालेंतील 'क्यू' हें अक्षर आमच्या शाळकरी दिवसांत मोठें खानदानी समजलें जाई. 'यू'ची सोबत घेतल्यावांचून तें उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसे. क्वीन घ्या, क्विक घ्या, क्वेश्चन घ्या. क्यूच्या पाठोपाठ यू हजर! हा नियम शिक्षकांनीं छडीच्या साहाय्यानें आमच्या मनावर बिंबविला, आणि आम्हींही तो निमूटपणें पाळला.

क्यूचा हा दरारा स्क्रॅबल नांवाच्या अक्षरखेळानें मोडला. आल्फ्रेड बट्स या बेकार अमेरिकन वास्तुविशारदानें १९३० नंतरच्या मंदींत हा खेळ योजला. वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून त्यानें दुर्मिळ अक्षरांना अधिक गुण दिले. 'ई'ला एक, तर क्यूला दहा. परंतु क्यू हातीं आला आणि यू सारे संपलेले असले, कीं हा धनाढ्य पाहुणा गळ्यांतली धोंड होतो. म्हणून जाणते खेळाडू यू नसलेले क्यूचे लहानलहान शब्द पाठ करून ठेवतात.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं हा खेळ रंगला होता. इंग्रजी शाळेंत शिकणाऱ्या आमच्या पुतणीला असे शब्द मुखोद्गत आहेत : काट, वक्फ, फकीर, तलाक. आम्हीं अर्थ विचारले. ती म्हणाली, "काका, अर्थाला गुण नसतात."

उत्तर बिनतोड होतें. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यानें २०१५ सालीं फ्रेंच स्क्रॅबलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि या गृहस्थाला फ्रेंच बोलतां येत नव्हतें! अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्याला निरुक्तांत ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आढळते. पण असल्या खांबांनीं ओझें वाहिलें म्हणूनच तें आपणांपर्यंत पोंचलें, हेंही विसरून चालणार नाहीं.

तरीही आम्हीं कोश काढला. काट म्हणजे येमेनांत चघळतात तीं पानें. बाकीचे तिघे तर आपल्या मराठींत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले! इंग्रजींत फकीर क्यूनें लिहिला तर सतरा गुण, 'के'नें लिहिला तर बारा. तीच झोळी, तोच माणूस. केवळ स्पेलिंगानें पांच गुणांनीं श्रीमंत. या क्यूमागें अरबींतला घशाच्या तळांतून निघणारा 'क' आहे. 'कलम' आणि 'कमाल' यांतले 'क' मुळांत निराळे. मराठीनें ते एक करून टाकले. इंग्रजीनें पाहुण्याचा वेष जपला, आपण त्याला घरचे कपडे घातले. आम्हांला यांत कांहीं वावगें दिसत नाहीं.

येथल्या राजाराम महाविद्यालयांत शिकविलेले माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश रचला, आणि १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून भाषाशुद्धीचा कैवार घेतला. ज्यानें या शब्दांचें कुलशील तपासलें त्यानेंच त्यांना निरोप द्यावा, याचें अनेकांना नवल वाटतें. आमचें मत निराळें आहे. ओळख पटवून निरोप देणें हें, न ओळखतां घरांत घेण्यापेक्षां केव्हांही बरें.

खेळाकडे वळूं. पुतण्यानें पटावर 'जी, यू, आर' मांडलें. अवघे चार गुण. पुतणीनें तत्काळ हरकत घेतली. कोशांत अर्थ निघाला : उसाच्या रसाची कच्ची साखर. कोल्हापुरांत बसून गुळावर हरकत! सारें घर हंसलें. वास्तविक तिचा दोष नव्हता. इंग्रजींत हा शब्द हिंदीच्या वाटेनें गेलेला. आपला 'ळ' लिहायला तेथें अक्षरच नाहीं. आम्हांला टोंचलें तें दुसरेंच. "म्हणजे आपला गूल?" असें तिनें विचारलें. क्यूचे शब्द घडाघडा म्हणणारी जीभ 'ळ'पाशीं अडखळत होती, आणि तें इतके दिवस घरांत कोणाच्या कानांना खटकलें नव्हतें.

दुसऱ्याच दिवशीं तिला घेऊन आम्ही करवीर तालुक्यांतल्या एका गुऱ्हाळावर गेलों. चुलवाणांत चिपाडें धडधडत होतीं, काहिलींत रस उकळत होता. गुळव्या मळी काढीत होता; मधेंच पाण्यांत थेंब टाकून त्याची गोळी होते का तें पाही. पुतणी प्रत्येक वस्तूचें नांव विचारी, आणि तोही काहिलीवरची नजर न काढतां सांगे. चुलवाण, काहील, गुळव्या : तीन नांवांत तीन वेळां 'ल' आणि 'ळ' यांची निवड करावी लागली. 'गुळव्या' तिला चौथ्या खेपेस जमलें.

निघतांना त्यानें वाटीभर काकवी दिली. बोट चाटीत ती मनांत हिशेब करूं लागली. स्क्रॅबलांत 'के'ची सोंगटी एकच. दुसऱ्या 'के'साठीं कोरी लावावी लागेल, म्हणजे एकूण अकरा गुण. "पण काका, हा शब्द त्यांच्या कोशांत आहे का?"

नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तिनें वाटी पुन्हां पुढें केली.